खपाचा आकडा आणि आपली आवड

विज्ञानदिनाच्या निमित्ताने भाईंदरच्या एका शाळेत बोलायला गेलो होतो. विषय होता आलेख कसे वाचावेत हा. कार्यक्रम संपल्यावर शिक्षकांच्या खोलीत चहा घेत असताना नववीला गणित शिकवणाऱ्या बाईंनी विचारले, "सर, तुम्ही आकड्यांवर बोललात म्हणून विचारते. वर्गातली मुलं मोबाइलवर एकच एक खेळ खेळतात. मी म्हटलं, अरे, एवढं काय आहे त्यात? तर एक मुलगा म्हणाला, 'बाई, दहा कोटी लोकांनी घेतलाय. दहा कोटी लोक वेडे आहेत का?' मी गणित शिकवते, आणि एका आकड्यानं माझंच तोंड बंद झालं."

'बहुमत म्हणजे सत्य नव्हे' असे काहीतरी ठरावीक उत्तर मी दिले. बाईंचे समाधान झाले नाही. परतीच्या लोकलमध्ये लक्षात आले, की माझेही झालेले नाही. मुलाचा प्रश्न वाटतो तितका उथळ नाही. दहा कोटी लोकांनी एखादी गोष्ट घेतली असेल, तर त्या गोष्टीविषयी आपल्याला काहीतरी नक्कीच कळते. काय कळते आणि काय कळत नाही, आणि असे आकडे सतत पाहणारे लोक हळूहळू एकमेकांसारखे होत जातात का, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधायला इतिहासात थोडे मागे जावे लागते. सुरुवात घराजवळूनच करू.

मीरा रोडवरचा अजाणता प्रयोग

मीरा-भाईंदरची नगरपालिका १९८५ साली स्थापन झाली. मिठागरे, भातशेती आणि उत्तनची कोळीवस्ती अशी ओळख असलेल्या या भागात पुढच्या काही वर्षांत इमारतींच्या रांगा उभ्या राहिल्या. १९९१ च्या जनगणनेत येथील लोकसंख्या सुमारे पावणेदोन लाख होती. २००१ मध्ये ती पाच लाखांच्या वर गेली. दहा वर्षांत जवळजवळ तिप्पट! म्हणजे त्या काळात येथे भेटणाऱ्या तीन माणसांपैकी दोन नवी होती. आमचे कुटुंबही त्यातलेच. लालबागच्या चाळीतून आम्ही मीरा रोडला आलो, तेव्हा मी शाळेत होतो. इमारतीतली सगळीच मुले नवखी, आणि नवख्याची पहिली गरज असते ती चारचौघांत सामावून जाण्याची.

त्याच सुमारास घरोघरच्या टीव्हीला व्हिडिओ गेम जोडले जाऊ लागले. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८३ मध्ये काढलेल्या फॅमिकॉम या यंत्राच्या त्या नकला होत्या. लिटल मास्टर, मीडिया अशा नावांनी त्या आपल्याकडे विकल्या जात. त्यात घालायच्या खोक्याला आम्ही 'कॅसेट' म्हणत असू, आणि हातात धरायच्या कळांच्या पट्टीला 'रिमोट'. ज्यांच्या घरी हे नव्हते ते पार्लरमध्ये जात. तेथे रुपयाचे नाणे टाकून खेळायच्या एका खेळाचे नाव आम्हा सर्वांना 'मुस्तफा' एवढेच ठाऊक होते. वास्तविक मुस्तफा हे त्यातल्या एका पात्राचे नाव. खेळाचे मूळ नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', हे मला पुढे कितीतरी वर्षांनी कळले.

आता निरीक्षण असे. त्या काळी आपल्याकडे या खेळांच्या खपाचे आकडे कोणी मोजत नव्हते. नकली कॅसेटींची मोजदाद करणार तरी कोण? वर्तमानपत्रात यादी येत नसे, दुकानदाराकडे क्रमवारी नसे. तरीही मीरा रोडपासून डोंबिवलीपर्यंत मुले तेच पाचसात खेळ खेळत होती: मारिओ, काँट्रा, बदकांची शिकार, रणगाड्यांची लढाई, सर्कस. आकडा नव्हता, पण एकसारखेपणा मात्र पुरेपूर होता.

याचे एक कारण निव्वळ तांत्रिक होते. फॅमिकॉमचे सुरुवातीचे खेळ फार लहान होते. 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा अख्खा खेळ ४० किलोबाइटमध्ये मावतो. रणगाड्यांची 'बॅटल सिटी' २४ किलोबाइटमध्ये. आज मोबाइलवर काढलेले एक छायाचित्र याच्या कितीतरी पट जागा घेते. स्मृतीच्या चिप महाग होत्या, म्हणून एका कॅसेटमध्ये अनेक खेळ भरायचे तर १९८३ ते १९८६ या काळातले हे लहान खेळच परवडत. कॅसेटवर '९९९९ गेम्स' असे छापलेले असे. प्रत्यक्षात पाचपंचवीस खेळच नावे बदलून पुन्हा पुन्हा येत. आमची 'आवड' अशा रीतीने आधी चिपच्या किमतीने ठरवली होती. जे मिळत होते तेच आम्हाला आवडत होते.

दुसरे कारण माणसांचे होते. ते सांगायचे तर मला एक कबुली द्यावी लागेल.

शिड्यांचा खेळ

माझ्या कॅसेटवर 'लोड रनर' नावाचा एक खेळ होता. विटांच्या भिंती, शिड्या, आणि मागे लागलेले पहारेकरी. विटेत खड्डा खणायचा, पहारेकरी त्यात पडला की वरून पळायचे. धावपळ कमी आणि विचार जास्त. त्यात स्वतःचा पट रचण्याचीही सोय होती. मी भूमितीच्या वहीत चौकटी आखून पट रचायचो आणि मग ते खेळात उतरवायचो. पुढे मी संशोधनाकडे वळलो त्याची मुळे शोधायची झाली, तर त्या वहीपर्यंत जावे लागेल.

एकदा इमारतीतली मुले घरी आली. मी मोठ्या उत्साहाने तो खेळ लावला. दोन मिनिटांत कोणीतरी म्हणाले, "हे काय शिडी-शिडी? काँट्रा लाव." सगळे हसले. मी काँट्रा लावला. नंतर कोणी विचारले तर मीही "काँट्राच बेस्ट" असे सांगू लागलो, आणि वही कपाटात गेली.

बऱ्याच वर्षांनी या खेळांचा इतिहास वाचताना एक गोष्ट समोर आली. १९८४ साली जपानमध्ये फॅमिकॉमसाठी निघालेल्या या 'शिडी-शिडी'चा खप दहा लाखांच्या वर गेला होता! हा आकडा त्या संध्याकाळी माझ्याजवळ असता तर? कदाचित मी म्हणालो असतो, "थांबा रे, जपानमध्ये दहा लाख लोक हाच खेळ खेळतात." कदाचित वही कपाटात गेली नसती.

म्हणजे पाहा. ज्या आकड्याला आपण कळपाचे हत्यार समजतो, तोच आकडा जवळच्या कळपापासून एखाद्याला वाचवूही शकतो. आकडे पाहण्याने माणूस कळपात जातो की नाही, याचे सरळ 'हो' किंवा 'नाही' असे उत्तर देता येत नाही, ते यामुळे.

जेथे आकडे होते

जपान आणि अमेरिकेत परिस्थिती वेगळी होती. जपानमध्ये १९८६ साली फॅमिकॉमच्या खेळांना वाहिलेले 'फॅमित्सू' हे नियतकालिक निघाले, आणि खेळांचे गुण व खप यांच्या याद्या मुले आवडीने वाचू लागली. १० फेब्रुवारी १९८८ रोजी 'ड्रॅगन क्वेस्ट' या मालिकेचा तिसरा भाग विक्रीला आला. तो बुधवार होता. पहिल्याच दिवशी दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. शाळा बुडवून रांगेत उभ्या राहिलेल्या सुमारे तीनशे विद्यार्थ्यांना पोलिसांनी ताब्यात घेतल्याच्या बातम्या आल्या. त्यानंतर 'शाळेच्या दिवशी हा खेळ विकू नये असा जपानमध्ये कायदा झाला' अशी एक आख्यायिका जगभर पसरली. असा कायदा कधी झाला नाही. मालिकेचा पुढचा भाग ११ फेब्रुवारी १९९० रोजी, रविवारी, विक्रीला आला इतकेच.

येथे एक बारकावा लक्षात घ्यावा. रांग आधी लागली, आकडा नंतर आला. पहिल्या दिवशीच्या गर्दीला खपाच्या आकड्याने खेचले नव्हते. मित्रांच्या गप्पांनी, आधीच्या दोन भागांच्या अनुभवाने आणि जाहिरातीने खेचले होते. आकडा हा त्या गर्दीचा उमटलेला ठसा होता. मात्र तो छापून आल्यावर दुसऱ्या गर्दीचे कारण बनू शकतो. कार्य आणि कारण यांची अशी अदलाबदल सामाजिक घटनांमध्ये नेहमी आढळते, आणि म्हणूनच त्यांचा अभ्यास चेंडूच्या गतीच्या अभ्यासापेक्षा अवघड असतो.

दुसरा बारकावा आकड्याच्या पोटात काय आहे हा. १९८५ साली आलेल्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'चा खप चार कोटींहून अधिक आहे. परंतु त्यातल्या पुष्कळ प्रती यंत्राबरोबरच खोक्यात मिळालेल्या होत्या. दंतमंजनाबरोबर मिळालेला चमचा घरोघरी असतो, म्हणून तो लोकांनी 'निवडला' असे आपण म्हणत नाही. मारिओ उत्तम खेळ आहे यात शंका नाही. पण चार कोटी हा आकडा चार कोटी निवडींचा नाही.

तिसरे उदाहरण अमेरिकेचे. डिसेंबर १९८२ मध्ये अटारी कंपनीने गाजलेल्या चित्रपटावरून 'ई. टी.' हा खेळ काढला. नाताळ गाठायचा म्हणून तो सुमारे पाच आठवड्यांत लिहून घेतला होता. चित्रपटाच्या लोकप्रियतेवर भरवसा ठेवून कंपनीने सुमारे ४० लाख कॅसेटी तयार केल्या. सुरुवातीला त्या चांगल्या खपल्या. मग लोकांना खेळ कंटाळवाणा वाटला आणि दुकानांतून माल परत येऊ लागला. सप्टेंबर १९८३ मध्ये कंपनीने न खपलेला माल न्यू मेक्सिकोतील अलामोगॉर्डो गावाच्या कचराभूमीत पुरला. एप्रिल २०१४ मध्ये तेथे खणून तो बाहेरही काढण्यात आला. कारखान्यातून निघालेला माल, दुकानदाराने घेतलेला माल आणि खेळणाऱ्याच्या घरात टिकलेला माल हे तीन वेगवेगळे आकडे आहेत. हे न ओळखल्याची किंमत तेथे एका कंपनीनेच नव्हे, तर जवळजवळ सगळ्या उद्योगाने मोजली.

आजच्या मोबाइलवरचा 'दहा कोटींहून अधिक' हा आकडाही याच जातीचा आहे. खेळ एकदा उतरवून घेऊन दुसऱ्या दिवशी काढून टाकणाराही त्यात मोजलेला राहतो. हा आकडा चढतो, उतरत मात्र नाही.

आपल्याकडचा आकडा: गीतमाला

आपल्याकडे खेळांचा खप मोजला गेला नसला, तरी आवडीची क्रमवारी लावण्याची एक मोठी परंपरा मुंबईतच घडली. ती गाण्यांची. १९५२ साली, बा. वि. केसकर माहिती व नभोवाणी मंत्री असताना, आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. निवेदक अमीन सयानी मुंबईत कार्यक्रम ध्वनिमुद्रित करत आणि टेप विमानाने कोलंबोला जात.

सुरुवातीला या कार्यक्रमात क्रमवारी नव्हती. सात गाणी वाजवायची आणि त्यांचा क्रम श्रोत्यांनी लावून पाठवायचा, अशी शंभर रुपये बक्षिसाची ती स्पर्धा होती. पत्रांची संख्या आठवड्याला काही हजारांवरून ६५ हजारांपर्यंत गेली. एवढी पत्रे तपासणे अशक्य झाले, तेव्हा १९५४ च्या सुमारास कार्यक्रमच क्रमवारीचा झाला. गाणी पायरीपायरीने वर चढू लागली. या पायरीला निवेदक 'पायदान' म्हणत. क्रम ठरवायला मुख्य आधार घेतला तो ध्वनिमुद्रिकांच्या खपाचा. खपात कोणी फेरफार करण्याची भीती होती, म्हणून ठिकठिकाणच्या श्रोता संघांच्या पसंतीची त्याला जोड देण्यात आली.

संख्याशास्त्राच्या शिक्षकाला येथे केवढे खाद्य आहे! तबकडी विकत घेणारा म्हणजे ज्याच्या घरी ग्रामोफोन आहे असा. त्या काळात रेडिओ ऐकणाऱ्यांच्या मानाने असे लोक थोडे. म्हणजे थोड्यांच्या खरेदीवरून सर्वांची आवड ठरत होती. श्रोता संघांची पत्रे घेतली तर दुसरीच अडचण येते. पत्र लिहिणारा हा सर्वसाधारण श्रोता नसतो, उत्साही श्रोता असतो. फर्माइशींच्या पत्रांमुळे झुमरीतलैया हे आज झारखंडमध्ये असलेले लहानसे गाव देशभर ठाऊक झाले. तेथल्या लोकांना गाणी इतरांपेक्षा अनेक पटींनी अधिक आवडत होती असे नव्हे. पत्रे पाठवण्याची चुरस तेथे अधिक होती.

आणि तरीही बुधवारी रात्री आठ वाजता लाखो घरांत एकच आवाज घुमत असे. गाणे वरच्या पायदानावर गेले की ते अधिक कानांवर पडे. अधिक कानांवर पडले की तबकडीला मागणी येई, आणि मागणी आली की पायदान टिके. हे चक्र आहे. पण या चक्रामुळे भारतीय श्रोते एकसारखे झाले का? माझे वडील पहिल्या क्रमांकाच्या गाण्यावर हमखास चिडत. "हे काय पहिलं? ते दुसरं पाहिजे होतं," असे म्हणत ते पुढच्या बुधवारी पुन्हा ऐकायला बसत. क्रमवारीने त्यांना वाद घालायला शिकवले. मात्र वाद कोणत्या दहाबारा गाण्यांवर घालायचा, हे क्रमवारीनेच ठरवून दिले होते. मला वाटते, आकड्याचा खरा प्रभाव येथे आहे. तो आपले मत ठरवतोच असे नाही. आपण कशाकडे पाहायचे, हे मात्र बहुतेक वेळा ठरवतो.

माणूस मागे का जातो?

विज्ञानाने या प्रश्नाची तीन वेगवेगळी उत्तरे दिली आहेत. तिन्ही एकत्र मिसळली की गोंधळ होतो.

पहिले उत्तर एकटे पडण्याच्या भीतीचे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश यांनी १९५१ च्या सुमारास एक साधा प्रयोग केला. एक रेघ दाखवायची आणि बाजूच्या तीन रेघांतली तिच्याएवढी कोणती, हे मोठ्याने सांगायचे. गटातला एकच विद्यार्थी खरा. बाकीचे आधी पढवलेले. ते ठरवून चुकीचे उत्तर देत. डोळ्यांना धडधडीत दिसत असूनही अशा फेऱ्यांतली सुमारे एकतृतीयांश उत्तरे गटाच्या चुकीला धरून आली. सुमारे एकचतुर्थांश विद्यार्थी मात्र एकदाही वाकले नाहीत. याहून महत्त्वाचे म्हणजे गटात खरे बोलणारा एक जरी साथीदार असला, तर दबाव एकदम ओसरे. शिडीच्या खेळाच्या संध्याकाळी मला दहा लाख जपानी नको होते. एक मित्र पुरला असता.

दुसरे उत्तर शहाणपणाचे. १९९२ साली अभिजित विनायक बॅनर्जी यांनी कळपाच्या वागण्याचे एक साधे गणिती प्रतिमान मांडले. २०१९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणारे ते हेच. त्यांचा जन्म मुंबईचा आणि आई निर्मला या माहेरच्या मराठी, पाटणकर. त्यांचे उदाहरण आपल्या पद्धतीने सांगतो. शेजारीशेजारी दोन खानावळी आहेत. पहिली चांगली असण्याची शक्यता सर्वांच्या मते ५१ टक्के, दुसरीची ४९ टक्के. शंभर माणसांना प्रत्येकी एकेक खासगी खबर मिळाली आहे. ९९ जणांची खबर 'दुसरी चांगली' अशी आहे, आणि एकाची 'पहिली चांगली' अशी. योगायोगाने तो एकटाच सर्वांत आधी येतो व पहिल्या खानावळीत जातो. दुसरा माणूस विचार करतो: याची खबर पहिलीची, माझी दुसरीची. दोन्ही एकमेकींना खोडतात, म्हणून ५१ टक्के पाहून तोही पहिलीत जातो. आता तिसऱ्याला दुसऱ्याच्या जाण्यातून नवे काहीच कळत नाही. तोही तसाच हिशेब करतो आणि पहिलीत जातो. असे करत शंभरही जण पहिलीत! कोणी मूर्ख नाही, प्रत्येकाने तर्कशुद्ध विचार केला, आणि तरीही ९९ खबरी वाया गेल्या.

बाईंच्या वर्गातल्या त्या मुलाला हे उत्तर देता येईल. दहा कोटी लोक वेडे नसतात. पण ते दहा कोटी स्वतंत्र साक्षीदारही नसतात. त्यातले किती जण स्वतःच्या डोळ्यांनी पाहून आले आणि किती जण पुढच्याची पाठ पाहून, हे आकडा सांगत नाही.

तिसरे उत्तर सोबतीचे. टेलिफोन एकट्याकडेच असेल तर निरुपयोगी. जितक्या अधिक लोकांकडे तो असेल तितका आपला टेलिफोन उपयोगी. चौघांनी मिळून खेळायच्या खेळाचे तसेच आहे. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने 'पब्जी मोबाइल'वर बंदी घातली, तेव्हा आमच्या इमारतीतली मुले दोनचार दिवस चाचपडली आणि मग सगळी मिळून एका दुसऱ्या खेळावर गेली. तो खेळ त्यांना अधिक आवडला म्हणून नव्हे, सगळे एकत्र राहावेत म्हणून. याला कळपवृत्ती म्हणणे अन्यायाचे होईल. विटीदांडूही कोणी एकट्याने खेळत नव्हते.

चौदा हजार लोकांचा प्रयोग

आकडा दिसला तर फरक पडतो का, हे थेट तपासायचे तर जगाच्या दोन प्रती हव्यात: एकीत आकडा दिसतो, दुसरीत नाही. मॅथ्यू सॅल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी असे जग संगणकावर तयार केले आणि निष्कर्ष २००६ साली 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध केले. १४,३४१ लोक, आणि अनोळखी वादकसंघांची ४८ गाणी. काहींना फक्त गाणी दिसली. बाकीच्यांना आठ 'जगांत' वाटले. तेथे प्रत्येकाला आपल्या जगातल्या आधीच्या लोकांनी कोणते गाणे किती वेळा उतरवून घेतले, हे दिसत असे.

निष्कर्ष दोन निघाले. आकडा दिसला तेथे लोकप्रिय गाणी अधिकच लोकप्रिय झाली आणि मागे पडलेली आणखी मागे पडली. म्हणजे एकसारखेपणा वाढला. पण कोणते गाणे पुढे जाईल हे प्रत्येक जगात वेगळे होते. आकडा न दाखवता २६ वे आलेले एक गाणे एका जगात पहिले आले आणि दुसऱ्या जगात चाळिसावे! फार चांगली गाणी सहसा तळाला गेली नाहीत, फार वाईट गाणी सहसा शिखरावर आली नाहीत. मधल्यांचे भवितव्य मात्र सुरुवातीच्या थोड्या लोकांनी काय केले यावर ठरले.

पुढच्या एका प्रयोगात संशोधकांनी क्रमवारी मुद्दाम उलटी करून दाखवली. काही गाणी केवळ त्या खोट्या आकड्यावर वर राहिली. सर्वांत चांगली गाणी मात्र हळूहळू पुन्हा वर येऊ लागली. आकडा ढकलू शकतो, पण माणसाच्या कानांना पूर्ण बंद करू शकत नाही, हे त्यातून दिसले.

म्हणून सुरुवातीच्या प्रश्नाला माझे उत्तर असे. आकडे पाहणे एकसारखेपणा वाढवते, पण तो जन्माला घालत नाही. तो जन्मतो मिळणाऱ्या मालातून, शेजारच्या मित्रांतून आणि सोबतीच्या गरजेतून. मीरा रोडवर तो आकड्यांशिवायच पोसला गेला होता. खपाचे आकडे हौसेने पाठ करणाऱ्या शौकिनांकडे पाहा. ते सगळे एकाच खेळामागे जात नाहीत. आपल्या आवडत्या यंत्राच्या बाजूने ते गट करतात आणि आकडे दारूगोळ्यासारखे वापरतात. गटाच्या आत मात्र वेगळे बोलणे अवघड असते. धोका आकडा पाहण्यात नाही. आकड्याला निकाल मानून आपली खबर गिळून टाकण्यात आहे.

वर्गात करून पाहा

हे सांगण्यापेक्षा करून दाखवणे सोपे आहे. मुलांनी पूर्वी न पाहिलेल्या दहा रांगोळ्यांची किंवा नक्ष्यांची चित्रे गोळा करा. वर्गाचे तीन गट पाडा आणि त्यांना वेगवेगळ्या वेळी बोलवा. पहिला गट आवडलेल्या चित्राचा क्रमांक चिठ्ठीवर गुपचूप लिहील. दुसऱ्या व तिसऱ्या गटातला प्रत्येक जण पुढे येऊन फळ्यावर त्या चित्रासमोर एक रेघ ओढील. आधीच्या रेघा सर्वांना दिसल्या पाहिजेत. मग तिन्ही गटांचे स्तंभालेख काढा. उघड मत देणाऱ्या गटांत पहिल्या क्रमांकाची आघाडी मोठी आहे का? दोन उघड गटांत पहिला क्रमांक एकच आहे का? तीस-चाळीस मुलांत योगायोगाचा भाग मोठा असतो, म्हणून एका प्रयत्नावरून निष्कर्ष काढू नका. दुसऱ्या वर्गात पुन्हा करा. कोण कोणाच्या मागे गेले हे नावे घेऊन मात्र विचारू नका. तो दबाव कसा असतो हे आपणा सर्वांना ठाऊक आहे.

त्यानंतर कोणत्याही खपाच्या आकड्याला विचारायचे चार प्रश्न फळ्यावर लिहा. कोणी मोजले? नेमके काय मोजले? कोण मोजायचे राहिले? आणि मोजलेल्यांना एकमेकांची मते आधी दिसत होती का?

भाईंदरच्या बाईंना मी हे सर्व कळवले आणि त्यांनी प्रयोग केला. त्यांच्या दोन उघड गटांत दोन वेगळी चित्रे पहिली आली. पण त्यांनी सांगितलेली दुसरीच गोष्ट माझ्या लक्षात राहिली. एका गटात सगळ्या रेघा दोनच चित्रांसमोर जमत असताना शेवटच्या बाकावरची एक मुलगी पुढे आली, कोणाचीच रेघ नसलेल्या चित्रापाशी थांबली आणि तेथे तिने एक रेघ ओढली. तिच्यानंतर आलेल्या दोघांनीही तेथेच रेघ ओढली.

"त्या दोघांना ते आधीपासून आवडलं होतं का, की तिच्यामुळे आवडलं?" बाईंनी मला विचारले.

मी म्हटले, "बाई, ते त्यांनाच विचारा. पण एकेकट्याला."